बंधाऱ्यावरची ओहोटी

मित्रहो, पाणपक्षी बघायचे म्हटले की आपण कोल्हापूरकर घाट उतरून कोकणातल्या एखाद्या खाडीवर जातो. जावंच. तिथं साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती येते, मधल्या ओहोटीत चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. पण ओहोटी आपल्या पंचगंगेलाही असते. ती चंद्राच्या नाही, राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या आणि बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवतात त्या फळ्यांच्या, म्हणजे बरग्यांच्या हातात असते, एवढंच.

कसबा बावड्याचा राजाराम बंधारा आपल्याला आठवतो तो पुरात. पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका. पाऊस सरून बरगे बसले, की तिथंच वरच्या अंगाला पाणी तुंबून खोल होतं आणि खाली खडक, गाळ, वितभर पाणी उरतं. म्हणून वर बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या, खाली उथळ पाण्यात, चिखलात चरणारे चिखल्या, तुतवार, शेकाटे.

मी तिथं एका मित्राबरोबर जातो. त्याचा ऊस नदीकाठालाच आहे. मी पुढं निघालो की तो म्हणतो, "गडबड कशाला रं? त्यो काय खातोय ते तर बघ." मग आम्ही बसतो. आणि बसल्यावरच कळतं, की चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, कारण तो डोळ्यांनी शिकार करतो. त्याची चोच आखूड असते. पाणलाव्याची लांब चोच गाळात खुपसलेली असते. तिचं टोक इतकं संवेदनशील असतं, की न दिसणारा किडा त्याला आतल्या आत सापडतो. एकाच गाळात दोघं, भांडण नाही. कवड्या धोबी बारमाही इथलाच. पांढरा धोबी मात्र थंडीपुरता उत्तरेकडून येतो. दोघंही शेपूट हलवत त्याच खडकांवर.

आता जरा मनातलं बोलतो. शेकाटे खूप दिसले की लोक खूश होतात, फोटो काढतात. पक्षी देखणाच आहे, लाल-गुलाबी लांब पायांचा. पण सांडपाण्याच्या गाळात वळवळणाऱ्या अळ्या त्याला चालतात, त्यामुळं घाण पाण्यातही तो मजेत राहतो. आपल्या शहरातला जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो, हे विसरून शेकाट्यांची गर्दी मोजू नका. कवड्या खंड्याचं वेगळं. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मासा दिसला की सरळ खाली सूर मारतो. पाणी गढूळ, फेसाळ असेल तर त्याला वरून मासा दिसणार कसा? माझा मित्र पाण्याचा वास घेण्याआधी आकाशात खंड्या आहे का ते बघतो. मला ही पारख फार मोलाची वाटते.

म्हणून तरुण मंडळींना सांगतो, एका सकाळी किती जाती दिसल्या याची यादी नंतर करा. आधी बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा तास बसा. कोणता पक्षी किती पाण्यात उभा आहे, खंड्यानं किती सूर मारले आणि कितीदा चोचीत मासा होता, एवढंच वहीत लिहा. पाणी सुटलं असेल तर तेही लिहा. दर महिन्याला, त्याच जागी. दगडगोट्यांत मात्र जपून पाय टाका, विशेषतः उन्हाळ्यात. चिखल्या तिथं उघड्यावरच अंडी घालतो आणि ती अगदी गोट्यांच्याच रंगाची असतात.