पान सोडा, देठाला हात लावा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय घरातल्या कुंड्यांमधली सारखी दिसणारी झाडं वेगळी कशी ओळखायची याबद्दल. आता रेडिओवर झाडाचा फोटो काही दाखवता येत नाही, पण त्याने अडत नाही, कारण मी ज्या खुणा सांगणार आहे त्या बोटांना लगेच कळतात. घरात मनीप्लांट असेल तर आवाज जरा वाढवा आणि त्याच्यापाशी जाऊन उभे राहा.

पानाचा आकार, रंग, पिवळे शिंतोडे, सगळं बाजूला ठेवा. पानाच्या देठावर वरच्या बाजूने नख फिरवा. पन्हळीसारखी खाच लागली, नख त्यात बसलं, की तो मनीप्लांट. देठ गोल आणि गुळगुळीत लागला तर ते बहुतेक फिलोडेंड्रॉन, आपले नर्सरीवाले ज्याला ऑक्सिकार्डियम म्हणतात ना तेच, आणि त्यातलं पोपटी-सोनेरी पानांचं गोल्डन ऑक्सिकार्डियम तर कितीतरी घरांत मनीप्लांट म्हणूनच सुखाने वाढतंय.

अजून शंका असेल तर वेलीच्या टोकाला जा. फिलोडेंड्रॉनचं कोवळं पान एका पातळ आवरणात गुंडाळलेलं येतं, पान उघडलं की ते आवरण वाळून तपकिरी होतं आणि गळतं, कधी कधी तिथेच चिकटून राहतं, आणि लोकांना वाटतं झाडाला रोग लागला! रोगबिग काही नाही, उलट ही तर पक्की खूण. मनीप्लांटला असं वेगळं आवरण नसतं, नवं पान आधीच्या पानाच्या देठाला लागूनच उलगडत येतं. मग पेराला हात लावा, मनीप्लांटच्या पेरावर साधारण एकच जाडसर मुळाचा खुंट असतो, फिलोडेंड्रॉनच्या पेरावर बारीक मुळांचा झुपका. पानही चिमटीत धरून बघा, मनीप्लांटचं जाड, मेणचट, थोडं खडबडीत, दुसऱ्याचं पातळ आणि मऊ.

गोंधळ होणारच हो, शास्त्रज्ञांचाही झालाय. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, १८८० साली त्याचं वर्णन झालं ते पोथॉस या नावाने, पुढे १९६२ मध्ये त्याचं फूल तपासायला मिळालं तेव्हा ते नाव बदललं, नंतर परत बदललं, आज तो एपिप्रेम्नम आहे. फुलावरून ओळखावं म्हटलं तर तो जवळजवळ फुलतच नाही, कारण फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही, हे २०१६ च्या संशोधनात दिसलं. त्यात हाच वेल कुंडीतून सुटून आंब्यावर नाहीतर माडावर चढला की पानं सुपाएवढी होतात, कडेने फाटतात, आणि बघणारा म्हणतो हा मॉन्स्टेरा, म्हणजे फाटक्या पानांचा दुसराच वेल. तो तोच मनीप्लांट असतो, फक्त त्याला चढायला झाड मिळालंय.

तुम्ही म्हणाल, दोघांना पाणी सारखंच लागतं, मग ओळखून करायचंय काय? या जोडीपुरतं खरंय. पण काही जोड्यांमध्ये फरक कळलाच पाहिजे आणि हे मी फार कळकळीने सांगतेय, कारण आपल्या घरात रांगती मुलं असतात, मांजरं-कुत्री असतात.

डिफेनबॅकिया आणि अग्लोनेमा घ्या. दोन्ही ठिपक्यांची, दोन्ही सावलीतली, दोन्ही अळूच्याच कुळातली. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या दोघांतही आहेत, मनीप्लांटमध्येसुद्धा आहेत, पण डिफेनबॅकिया जास्त त्रासदायक, पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते, बोलणंही अवघड होतं. ओळख अशी की डिफेनबॅकियाचं खोड पुढे एकच जाड दांड्यासारखं वर येतं, पानं रुंद आणि मोठी, अग्लोनेमा बुडातूनच गच्च झुडपासारखं फुटतं, पानं अरुंद. डिफेनबॅकिया उंच ठेवा आणि छाटणी करताना हातमोजे घाला.

आणि सर्वांत महत्त्वाचं, सायकस. त्याला सागो पाम म्हणतात म्हणून लोक अरेका पामच्या शेजारी ते ठेवून देतात, पण ते पाम नाहीच. अरेका पाम कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. सायकसचं मात्र सगळं झाड विषारी, बिया तर सर्वांत जास्त, कुत्र्याने खाल्ल्या तर यकृत निकामी होऊन जीवसुद्धा जातो. पानाच्या टोकाला अलगद बोट लावा, सायकसचं टोचतं, पातं कडक असतं, आणि बुंधा एकच, जाडजूड, खवल्यांचा. अरेकाचं पान मऊ, लवतं, आणि बुडाशी पिवळसर-हिरव्या कांड्यांचा जुडगा असतो. घरात कुत्रं असेल आणि तपासताना बोटाला टोचलं, तर ती कुंडी आजच त्याच्या वाटेतून काढा, आणि त्याने आधीच काही चावलेलं असेल तर उलटीची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, जाताना झाडाचं एक पान सोबत घ्या.