चिंचेखालची जागा

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘आरक्षित जागा आणि कलम 127’ असा छापला आहे. तो वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याचा अर्थ व्याख्यानानंतर मसाला दूध आहे ही बातमी फुटलेली दिसते.

मोकळी जागा गेली म्हणून गळा काढण्याआधी कोल्हापूरकराने थोडे मागे वळून पाहावे. कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या पेंडीसाठी घासाघीस करताना इथे एकेकाळी तळे होते हे कोणाच्या ध्यानात असते? वरुणतीर्थ बुजले आणि गांधी मैदान झाले. पावसाळ्यात मैदानात पाणी तुंबते तेव्हा ते तळे आपला सातबारा दाखवते, इतकेच. तेव्हा अशा जागांची अदलाबदल ही आपली जुनी वहिवाट आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती आपल्याला ऐकावीच लागेल. आमच्या उपनगरात शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असलेली एक जागा होती. बाग कधी झाली नाही. पण मधोमध एक चिंच होती आणि तिच्या बुंध्यावर मुलांनी कोळशाने तीन स्टंप ओढलेले असत. पावसाने ते पुसले की मुले पुन्हा ओढत, त्यामुळे दर उन्हाळ्यात स्टंपांची उंची मुलांच्या सोयीने कमीजास्त होई. एके सकाळी यंत्र आले आणि चहा गार व्हायच्या आत चिंच आडवी झाली. मी तावातावाने अर्ज लिहिला, चाळीस सह्या गोळा केल्या आणि कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या लिपिकाने अत्यंत अदबीने सांगितले, “सर, आरक्षण गेल्याच वर्षी उठलंय.”

आज तिथे तीन मजली संकुल उभे आहे. गेल्या थंडीत आईला रात्री अकरा वाजता दम्याची उबळ आली आणि मी अनवाणी धावलो तो त्याच संकुलातल्या औषधाच्या दुकानात. पूर्वी अशा वेळी रिक्षा शोधण्यातच अर्धा तास जाई. पंप हातात ठेवणाऱ्या दुकानदाराकडे नीट पाहिले, तर माझ्या अर्जावरची अकरावी सही त्याचीच होती! आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

जागेच्या मालकाचेही ऐकायला हवे. वडिलोपार्जित जमीन, पण आरक्षणामुळे तिच्यावर घर बांधता येईना, चांगल्या भावाने विकता येईना आणि मोबदलाही मिळेना. सावलीची हौस आम्हा चाळीस जणांची होती आणि तिचा भुर्दंड मात्र त्या एकट्याला पडत होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली म्हणतात. तेव्हा मूळ विषय उभ्याउभ्याच सांगतो. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार, अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही किंवा तशी कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतर 24 महिन्यांत काहीच हालचाल झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप उठते. मोबदला रोखच द्यावा लागतो असेही नाही. कलम 126 मध्ये चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा घेण्याची वाट आहे. म्हणजे आमची चिंच यंत्राने पाडली त्या दिवशी नव्हे, तर आम्ही तिच्या सावलीत निवांत बसलो होतो त्या 10 वर्षांत गेली, आणि अर्ज करायचा होता तो तेव्हा, मालकाला सोबत घेऊन.

आपल्या प्रभागातील आरक्षणांच्या नकाशाची प्रत मी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ज्या जागांची मुदत संपत आली आहे, त्यांना लाल पेन्सिलीने खूण केली आहे. दूध त्याच टेबलाच्या पलीकडे आहे.