पोट ज्याच्या हातात

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक आली की आपल्या कोकणात एसटीच्या थांब्यावर, मच्छीबाजारात, देवळाच्या पायरीवर एकच विषय असतो: यंदा कोण येणार? मी आज जरा निराळं विचारणार आहे. मत देणारा माणूस मत देताना कुणाला भितो? चिन्ह, जाहीरनामा, सभा हे सगळं नंतरचं. ज्याच्या जमिनीवर तुम्ही राबता, ज्याचं देणं तुमच्या डोक्यावर आहे, ज्याच्या शब्दावर तुमच्या मुलाची नोकरी टिकून आहे, त्याच्यासमोर तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का? पोट ज्याच्या हातात, मत त्याच्या हातात. एवढं लक्षात ठेवा.

आणि आता चरीची गोष्ट ऐका. मला संधी मिळेल तिथे मी ही गोष्ट सांगते.

चरी हे अलिबाग तालुक्यातलं खारेपाटातलं गाव. एका अंगाला खाडी, मध्ये बांध, आणि बांधाच्या आत भातजमीन. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन हातची जाते. ते बांध राखायचे कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, चिखलात राबायचं कुळांनी, आणि निम्मं किंवा त्याहून जास्त भात जायचं खोताच्या कोठारात. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. त्या अधिकाराच्या जोरावर तो गावाचा धनी होऊन बसला होता. वरून वेठ होतीच.

1933 च्या ऑक्टोबरात चरीला सभा भरली. नारायण नागू पाटील पुढारी होते. सभेत ठरलं, संप करायचा. आता संप म्हटला की आपल्याला गिरणी आठवते, भोंगा आठवतो. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे काय करायचं? जमीन कसायची नाही. खोताला भात मिळणार नाही, हे खरं. पण आपल्या घरातही दाणा येणार नाही. हे ठाऊक असून 25 गावं संपात उतरली.

मृगाचा पाऊस पडला, नांगर पडवीतच राहिले. आवण नाही, लावणी नाही, कापणी नाही. लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासळी धरली आणि दिवस काढले. एक वर्ष गेलं, दोन गेली. मी घर चालवणारी बाई आहे, म्हणून मला नेहमी वाटतं की या संपाचा इतिहास चुलीपासून लिहायला हवा. कणगी रिकामी असताना ज्या बायांनी नवऱ्याला 'जा, खोताच्या पाया पड' असं म्हटलं नाही, त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. संप 1939 पर्यंत चालला. श्रोतेहो, सहा वर्षं! शाळेच्या पुस्तकात दांडीचं मीठ आहे, आणि असायलाच हवं. पण चरीचं भात कोकणातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता यात पक्ष कुठे आला? 1934 च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 ची निवडणूक झाली तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. सारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. ज्याच्या अंगावर फाटकी बंडी, त्या कुळाचं नाव यादीत कुठून असणार? तरी पक्षाने त्याचाच प्रश्न उचलला. 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातून हजारो शेतकरी मुंबईला गेले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. एका पाणवठ्यावर ज्यांना एकत्र येऊ दिलं जात नव्हतं, ती आगरी, कुणबी, महार कुळं एका मोर्चात चालली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं होत होती.

ते विधेयक मंजूर झालं नाही. पण 1939 च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' आलं, म्हणजे जमिनीवरून सहज हुसकता न येणारं कूळ, 1948 चा कूळकायदा आला, 1949 च्या कायद्याने खोती गेली. 1952 ला सर्वांना मत मिळालं, तोवर खोताच्या कोठाराची सत्ता कायद्याने मोडलेली होती. मताच्या कागदाला वजन आलं ते यामुळे. पुन्हा सांगते, पोट ज्याच्या हातात, मत त्याच्या हातात. चरीने आधी पोट सोडवलं.

पक्षाने लोकांना शिकवायचंही असतं. दक्षिणेकडे राजापूर मतदारसंघाने 1957 पासून बॅरिस्टर नाथ पै यांना आणि 1971 पासून मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. दोघेही पहिल्यांदा निवडून गेले तेव्हा दिल्लीतल्या सत्ताधारी पक्षाचे नव्हते, दोघांचीही भाषणं लोक मन लावून ऐकत. आता नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स एवढे लागतात की एसटीची पाटी दिसत नाही. त्या फ्लेक्सवर निदान पाण्याच्या योजनेचा हिशेब छापा, असं मी आमच्याकडच्या सगळ्या पक्षांना सांगून झालं आहे.

आज खोत नाही. पण ठेकेदार आहे, डंपर आहे, बोटीचं कर्ज आहे, आणि सरपंच कोण हे ठरवणारी, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांची चाळीतली बैठकही आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी कुठला माणूस कुणाचा, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

आमच्याकडची ग्रामसभा सांगते. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी. पुरुष पुढे, मानकऱ्यांना खुर्च्या, बाया दाराशी. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मग पुढच्या सभेत चारदोन माणसांत खडीच्या खाणीचा ठराव होऊन जातो. एकदा एक सरपंचबाई सही करायला हात पुढे करत होती, तेवढ्यात दाराशी बसलेली एक म्हातारी उठली. म्हणाली, "बाय, वाचून दाखव आधी. धूळ आमच्या पान्यात पडतली." सरपंचबाईने कागद मोठ्याने वाचला. आणि त्या दिवशी सही झाली नाही.

महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणून माझं सगळ्या पक्षांना सांगणं आहे, त्या जागेवर निवडून आलेल्या बाईला कागद वाचायला वेळ द्या, नवऱ्याला तिच्या खुर्चीजवळ उभं करू नका. आणि श्रोतेहो, तुम्हाला सांगणं आहे, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरटी एक तरी माणूस जा. सभा तहकूब होऊ देऊ नका. आणि दाराशी बसू नका, पुढे बसा.

नमस्कार.