पान किती तास ओलं होतं?

निफाडची द्राक्षबाग, सकाळचे साडेसहा. फळछाटणीला पंचवीस दिवस झालेत, घड फुलोऱ्याच्या तोंडावर. रात्री पाऊस नव्हता, तरी पानावर फिरवलेलं बोट ओलं होतंय.

डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या बुरशीला, एवढं दव पुरतं. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांत शिरतात. २० ते २५ अंशांत दोन-तीन तासांचा ओलावाही लागणीला बास होतो; पिवळे तेलकट डाग दिसतात ते काही दिवसांनी. भुरीला मात्र पानावर पाणी लागत नाही. तिचा अंदाज पानाचा ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर बांधू नका.

फांदीजवळची ही फिकट पट्टी म्हणजे पानओलाव्याचा सेन्सर. आत तांब्याच्या बारीक रेषा, फण्यात फणी घातल्यासारख्या. पाण्याने दोन रेषा जोडल्या की विद्युतरोध घसरतो, लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) दर १५ मिनिटांनी नोंद घेतो. वरून लेटेक्स रंगाचा हात असतो, कारण नुसत्या पट्टीवर दवाचे थेंब सुटे बसतात आणि सेन्सर 'कोरडं'च सांगत राहतो. रंगावर पाणी पसरतं.

घोळ होतो तो जागेचा. बांधावर, उघड्यावर बसवलेली पट्टी वाऱ्या-उन्हाने लवकर सुकते. कॅनोपीच्या, म्हणजे वेलीच्या पानांच्या छताच्या, आतलं पान ओलंच असतं. म्हणून ती घडांच्या उंचीला, पानांच्या आत, ३० ते ४५ अंश तिरकी, तोंड उत्तरेला. सपाट ठेवली तर पाणी साचतं, पान टेकलं तरी तेच, आणि तास फुगतात.

भर दुपारच्या कडक उन्हात 'ओलं' दिसलं, तर पट्टीवर फवाऱ्याचा थर, धूळ नाहीतर पक्ष्याची शिट आहे. मऊ फडकं डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पुसा. घासलं तर रंग जातो. फवारणीची वेळही लिहून ठेवा, नाहीतर तेही दवात मोजलं जाईल.

ओलं कुठे संपतं आणि कोरडं कुठे सुरू होतं, हा कंपनीने दिलेला आकडा डोळे झाकून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात चार सकाळी शेजारची दहा पानं बघा. त्यातली निम्मी सुकली, त्या क्षणीचा आकडा तुमच्या बागेचा.

समजा पट्टी रात्री अडीचला ओली झाली, नऊला सुकली. साडेसहा तास, तापमान २१ अंश. बागेत जुन्या डागाची पानं आहेत. आता मँकोझेब, हे पानावरच राहणारं बुरशीनाशक, मारून उपयोग नाही. ते आधी पानावर हवं होतं, आत शिरलेल्या बुरशीला ते पोचत नाही. आज आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं बुरशीनाशकच मारा, लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) वाचून.