हॉल्टिंगचे पैसे कुणाचे?

नमस्कार मंडळी. आत्ता जे ड्रायव्हर भाऊ गाडीत रेडिओ लावून ऐकतायत त्यांना पहिला नमस्कार, आणि घरी जे त्यांची वाट बघत बसलेत त्यांना पण. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघते, अठरा वर्षं झाली, आधी एका मोठ्या फर्ममध्ये होते आणि आता कळंबोलीला एका छोट्या मालकाकडे आहे, सात गाड्या आहेत त्यांच्या. माझे वडील पण ड्रायव्हरच, कराडहून गूळ-साखर भरून वाशी मार्केटला यायचे. त्यामुळे टेबलाच्या अलीकडं आणि पलीकडं काय असतं ते मी दोन्हीकडून बघितलंय, म्हणून बोलते.

आज बोलायचंय ड्रायव्हरच्या पगारवाढीबद्दल. कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याकडे जा, पहिलं वाक्य एकच, गाड्या उभ्या आहेत पण ड्रायव्हर नाही. आणि दुसरं वाक्य, अहो पगार वाढवला तरी टिकत नाहीत ओ ही लोकं. मला या दुसऱ्या वाक्याचा राग येतो, खरंच येतो, कारण पगार वाढवला म्हणजे नेमकं काय वाढवलं ते कुणी सांगत नाही.

ज्यांना या धंद्यातलं माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कळंबोलीहून बेंगळुरूला लोखंड भरून गाडी निघाली की ड्रायव्हरच्या हातात खर्ची देतात, एक ठरलेली रक्कम. बऱ्याच ठिकाणी पगार म्हणून जे काय असतं ते थोडंसं, बाकी सगळं या खर्चीतून सुटेल तेवढं. आता त्यातून काय काय जातं बघा. वजनकाटा, पंक्चर, ताडपत्री बांधायला माणूस घेतला तर त्याचे, पार्किंग, दोन वेळचं जेवण, अंघोळीचे वीस-तीस रुपये, माल उतरवताना वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, मागितले तर ते, आणि रस्त्यात ज्याची पावती मिळत नाही असे खर्च, ते सगळ्यांना माहितीच आहेत. हे सगळं जाऊन जे उरलं ते त्याचं. म्हणजे त्याचा पगार किती हे त्याला ट्रिप संपल्यावर कळतं, आणि जास्त उरवायचं असेल तर एकच मार्ग, स्वतःच्या पोटाला आणि झोपेला चिमटा. मग एका वेळचं जेवण वडापाववर भागवायचं, लॉजचं तर नावच नाही, सीटच्या मागच्या फळीवर झोपायचं आणि सोबत क्लीनर घ्यायचा नाही.

या क्लीनरवर जरा थांबते, कारण ड्रायव्हर का मिळत नाहीत याचं एक मोठं कारण इथं आहे आणि ते कुणी बोलत नाही. पूर्वी प्रत्येक गाडीवर एक पोरगा असायचा, किन्नर म्हणायचे त्याला. माझ्या वडिलांनी तीन वर्षं किन्नर म्हणून काढली, काच पुसणं, टायरवर हातोडी मारून हवेचा आवाज ऐकणं, रिव्हर्सला मागं उभं राहून ‘आन दे आन दे’ करणं, आणि मग रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादानं कधीतरी स्टेअरिंग हातात द्यायचं. ट्रक चालवायची शाळा म्हणजे तीच होती. खर्चीत परवडत नाही म्हणून क्लीनर गेला, आणि क्लीनर गेला तर पुढचा ड्रायव्हर येणार कुठून? आता चौदा टायरची गाडी एकटा माणूस नेतो, डुलकी लागली तर हाक मारायला शेजारी कोणी नाही.

डिझेलचं तर अजून वेगळं. ॲव्हरेज ठरवून दिलेलं असतं, त्याच्यापेक्षा कमी पडलं तर फरक ड्रायव्हरच्या हिशोबातून कापतात, आणि वाचलं तर काही ठिकाणी त्याला मिळतं. ऐकायला बरोबर वाटतं ना? मग पुण्यात कात्रजचा नवीन बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरणारा तो लांब उतार डोळ्यांसमोर आणा. तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची जुनी सवय आहे, आणि न्यूट्रलमध्ये सोडलेली भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर किती वेळ थांबणार, ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री त्याच उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. लोक ड्रायव्हरला शिव्या देतात, चूक ती चूकच, मी तिची बाजू घेत नाही. पण ज्या हिशोबाच्या वहीमुळं माणूस पाच लिटर डिझेलसाठी गियर काढतो ती वही पण समोर आली पाहिजे असं मला वाटतं. तसल्या वह्या मी स्वतः लिहिल्यात.

आणि आता अण्णांचं सांगते. नाव नाही सांगत, आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो. मी मोठ्या फर्ममध्ये होते तेव्हा अकरा वर्षं एकाच मालकाकडे राहिलेला माणूस, दारू नाही, तंबाखू नाही, गाडीला उदबत्ती लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. एका वर्षी ड्रायव्हर सोडून जायला लागले म्हणून मालकानं सगळ्यांचा पगार महिन्याला दोन हजारानं वाढवला, ऑफिसात पेढे वाटले, फोटो काढले. आणि दोन महिन्यांत अण्णा सोडून गेले. सगळ्यांना आश्चर्य, मालक तर चिडलेच, एवढं देऊन पण म्हणे माणसं अशी.

झालं होतं असं की गुजरातमधल्या एका कारखान्याच्या गेटवर अण्णांची गाडी चार दिवस उभी होती. आत घेत नव्हते, आज होईल उद्या होईल, मे महिना, पत्र्याची केबिन. गेटच्या आतलं संडास ड्रायव्हरला वापरू देत नव्हते, पाणी समोरच्या टपरीवरून विकत. गाडी सोडून लांब जाता पण येत नाही कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही, आणि डिझेलची चोरी होते ती वेगळीच. चार दिवसांनी माल उतरला आणि अण्णा रिकामी गाडी घेऊन आले, हिशोबाला माझ्यासमोर बसले. मी खर्ची धरली, टोल फास्टॅगचा वेगळा केला, भत्ता ट्रिपवर होता त्यामुळं ट्रिपचा भत्ता लिहिला, ट्रिप तीन दिवसाची असो नाहीतर सात दिवसाची, भत्ता तोच. आणि माझ्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर, त्याच ट्रिपचं पार्टीला, म्हणजे ज्यांचा माल त्यांना, पाठवायचं बिल पडलं होतं. त्या बिलात एक ओळ होती, ‘हॉल्टिंग ४ दिवस’, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, आणि पुढं रक्कम. ती ओळ मीच टाइप केली होती.

अण्णांनी ती वाचली. बोट ठेवून वाचली. मला विचारलं, “ताई, हे चार दिवस कोण थांबलं होतं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मालकाकडे गेले तर मालक म्हणाले हॉल्टिंग गाडीचं असतं, गाडीचा हप्ता चालू असतो ना. हप्ता चालू असतो हे खरंच आहे, छोट्या-मोठ्या सगळ्या मालकांची मान त्या हप्त्यात अडकलेली असते, मी नाकारत नाही. पण गाडी तिथं एकटी नव्हती थांबली ना. अण्णा काही बोलले नाहीत, सही केली, महिनाअखेरीला किल्ली टेबलावर ठेवून गेले. कुठं गेले तर कराडला एका शाळेच्या बसवर, आधीपेक्षा बऱ्याच कमी पगारावर.

त्या दिवसापासून मला कळलं की पगारवाढ आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन हजार वाढवले तेव्हा माणूस खूश झाला होता, खोटं नाही ते. पण त्याच्या चार दिवसांचे पैसे कुणीतरी घेतले आणि त्याला साधं सांगितलं पण नाही, तिथं त्याला कळलं की आपण या हिशोबात धरलेलोच नाही.

कायद्यात बघायला गेलं तर तिथं पण हीच वेदना आहे. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, त्यात लिहिलं होतं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला परवानगीनं दहा आणि ५४, पाच तासानंतर अर्धा तास विश्रांती. कागदावर चांगला. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असतील तिथं, आणि आपल्याकडं बहुतेक गाड्या एक-दोन-तीन गाड्यांच्या मालकांच्या. आणि कामाचे तास मोजताना टर्मिनलवर नुसतं हजर थांबण्याचा वेळ धरला होता तो पंधरा मिनिटांच्या आतला. पंधरा मिनिटं! इथं लोक चार-चार दिवस थांबतात. तो कायदा आता नवीन लेबर कोडमध्ये गेलाय, पण गेटवरच्या रांगेत अजून काही पोचलेलं मला दिसत नाही.

२०१८ च्या जुलैमध्ये सरकारनं गाड्यांची वजनाची मर्यादा वाढवली, तीन एक्सलची दहा टायर गाडी २५ टनांवरून २८.५ टन झाली. साडेतीन टन जास्त माल, त्याचं भाडं आलं. घाट तोच, ब्रेक मारणारा पाय तोच. त्या साडेतीन टनांचा भत्ता कुणी वाढवल्याचं माझ्या तरी वहीत नाही आलं कधी.

आणि एसीचं ऐकलं असेल तुम्ही, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांच्या वरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. फार चांगली गोष्ट, मनापासून सांगते, उन्हाळ्यात नागपूरकडं गाडी घेऊन गेलेल्या माणसाला विचारा केबिन म्हणजे काय भट्टी असते. पण मालक लोकांना एक विनंती, एसीला लागणारं डिझेल जर ॲव्हरेजमध्ये ड्रायव्हरच्याच अंगावर येणार असेल तर तो बटण दाबणारच नाही. तेव्हा नवीन गाडी घेताना ॲव्हरेजचा आकडा पण नवीन ठरवा.

जानेवारी २०२४ चा संप आठवतोय? पेट्रोल पंपांवर रात्रभर रांगा लागल्या होत्या. तो पगारासाठी नव्हता. नवीन न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्याच्या विरोधात होता, आणि ते १०६ चं दुसरं पोटकलम १ जुलै २०२४ ला कायदा लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. त्या दोन दिवसांत आमच्या ऑफिसात एक जण म्हणाला, आम्ही थांबलो तेव्हाच लोकांना कळलं की दूध, भाजी, पेट्रोल कोण आणतं. जखमीला सोडून पळणं चूक आहे हे त्याला पण मान्य होतं. पण थांबलं तर जमाव मारतो ही भीती पण खरी आहे, आणि तेव्हा पहिला फोन तो मालकाला लावतो. मालकानं तो फोन उचलला की नाही, यावर तो माणूस पुढं तुमच्याकडं राहतो की नाही हे ठरतं.

आता मी जिथं काम करते तिथलं सांगते, लय मोठं काही नाही केलेलं. इथं आले तेव्हा मी शेठना एकच अट घातली की ड्रायव्हरचा हिशोब मी दोन पानांवर लिहिणार. एका पानावर गाडीचा खर्च, दुसऱ्यावर माणसाचे पैसे, दोन्हीचा एकमेकात गुंता नाही. पगार सात तारखेला बँकेत, भत्ता ट्रिपवर नाही तर दिवसावर, त्यामुळं गाडी गेटवर अडकली तरी त्याचा दिवस वाया जात नाही. पार्टीकडून हॉल्टिंग आलं की निम्मं ड्रायव्हरचं, आणि पार्टीनं बुडवलं तर शेठ ठरलेलं देतात, कमी असतं पण देतात. वाराईला आम्ही आधीच पार्टीला सांगतो, ज्याचा माल त्याचा हमाल. शेठ पहिल्या वर्षी घाबरले होते की सगळं यातच जाईल, गेलं पण थोडं, दोन पार्ट्या सुटल्या. पण मग घासलेले क्लच, फुटलेले टायर कमी झाले कारण एका गाडीवर एकच माणूस टिकायला लागला, आणि ती गाडी कुठल्या गियरला कुरकुरते ते त्याला पाठ असतं.

आणि फोन. ही मी शेठना सांगितलेली नाही, त्यांचीच सवय आहे. ड्रायव्हरला मालकाचा फोन म्हणजे “कुठं पोचलास?” एवढंच असतं, जीपीएसवर दिसत असलं तरी विचारतात. आमचे शेठ आधी विचारतात, “जेवलास का?” आणि तो नाही म्हणाला तर म्हणतात, लाव साईडला, जेव, पार्टीला मी सांगतो. आणि खरंच सांगतात पार्टीला, गाडी दोन तास उशिरा येईल म्हणून. हे बोलणं फुकटचं नाही हं, उशिराचा दंड त्यांच्या खिशातून जातो कधीकधी. म्हणून तर त्याला किंमत आहे.

ड्रायव्हर भावांना पण सांगते, नवीन ठिकाणी लागताना नुसतं “किती देणार” विचारू नका. हॉल्टिंग कुणाचं, डिझेलचा फरक कोण भरणार, माल तुटला तर न विचारता कापणार का, हे आधी विचारा आणि मोबाइलमध्ये लिहून घ्या. थांबलात की गेटचा, वेळेचा फोटो काढून ऑफिसला पाठवा, आमच्यासारख्या बिल करणाऱ्यांना तोच पुरावा लागतो.

अण्णांना मी मागच्या दिवाळीला फोन केला होता. म्हणलं आता आमच्याकडं हॉल्टिंग देतात, निम्मं, या. हसले. म्हणाले, “ताई, आता रात्री घरी झोपतो मी, नातवंडं कुशीत असतात, नाही जमायचं. पण पोराला पाठवू का? बसवर क्लीनर आहे माझ्याच.” मी शेठना विचारलं, क्लीनर ठेवायचा खर्च सात गाड्यांना झेपत नाही, एका गाडीवर ठेवून बघू म्हणाले. पोरगा सोमवारी येतोय, बेंगळुरूच्या गाडीवर.