हे कशावर टेकलंय? माप कुठून धरलंय?

मंडळी, बांधकाम सुरू झालं की मालकाच्या कानावर ढीगभर नवे शब्द पडतात. ते पाठ करत बसू नका. कुठलाही शब्द आला की दोन प्रश्न विचारा: ही गोष्ट कशावर टेकली आहे, आणि हे माप कुठून धरलं आहे? साइटवरची निम्मी भांडणं या दोन उत्तरांपाशी मिटतात.

आधी टेकण्याचं बघू. आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, फ्रेमच्या इमारतीत स्लॅबचा भार बीमवर (आडव्या तुळईवर), बीमचा कॉलमवर (खांबावर), कॉलमचा फूटिंगवर (खांबाखालच्या पायावर) आणि तिथून जमिनीत जातो. भिंती मधे नुसत्या भरलेल्या असतात. लोडबेअरिंग बांधकामात मात्र भिंतच भार पेलते. 'ही भिंत पाडली तर चालेल का?' याला म्हणूनच दोन्हीकडे एक उत्तर नसतं. लिंटेल दार-खिडकीवरची भिंत तोलतं, तेव्हा त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर पुरेशी टेकलेली हवीत.

छज्जा आणि बाल्कनीची गोष्ट वेगळी. एकाच बाजूने धरलेल्या अशा भागाला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तो खाली झुकू पाहतो, वरची बाजू ताणली जाते आणि ताण सळई पेलते, म्हणून मुख्य सळई वर हवी. दोन बीमांवर टेकलेल्या स्लॅबच्या मध्यावर ती खाली असते. आता स्लॅब भरायच्या दिवशी नीट पाहा. घमेली घेतलेली माणसं छज्जाच्या त्याच सळयांवरून ये-जा करतात आणि सळई दबते. ड्रॉइंग बरोबर, सळईची जाडी बरोबर, जागा चुकलेली! वरच्या सळयांखाली 'चेअर', म्हणजे वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या, पुरेशा आहेत का हे काँक्रीट पडायच्या आधीच बघावं लागतं.

तसंच कव्हरचं. सळईच्या बाहेरच्या कडेपासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे कव्हर. नेहमीच्या परिस्थितीत स्लॅबला साधारण 20 मिलिमीटर, कॉलमला 40, फूटिंगला 50. प्लास्टर यात धरत नाहीत. काँक्रीट अल्कधर्मी असतं, तोवर सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण घालवतो. कव्हर कमी असेल तर तो सळईपर्यंत लवकर पोचतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. छताचे पोपडे सळईच्या रेषेत सुटतात ते यामुळे. हे अंतर राखायला सळईखाली ठेवायच्या ठोकळ्यांऐवजी, म्हणजे कव्हर ब्लॉकऐवजी, खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काम थांबवायला लाजू नका.

क्युअरिंगबद्दल एवढंच: काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, म्हणून किमान 7 दिवस ते ओलं ठेवायचं.

आता माप. साइटवर 'लेव्हल' हा शब्द दिवसभर चालतो, पण कुठली लेव्हल हे कोणी सांगत नाही. स्लॅबची लेव्हल वेगळी, फरशी बसल्यावरची फिनिश लेव्हल वेगळी. याचा फटका जिन्यात दिसतो. समजा प्रत्येक रायझर, म्हणजे पायरीची उंची, काँक्रीटमध्ये 160 मिलिमीटर सारखी ठेवली. पुढे दोन्ही मजल्यांवर मसाला आणि फरशी मिळून 60 आणि पायऱ्यांवर दगड 25 मिलिमीटर चढला. पहिली पायरी उरली 125 आणि सगळ्यात वरची झाली 195. मधल्या सगळ्या 160. पाय सवयीने पडतो आणि माणूस अडखळतो. हे टाळायला काँक्रीट करतानाच पहिला रायझर 195 आणि शेवटचा 125 ठेवायचा. फिनिशनंतर सगळे सारखे होतात. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावताना मिस्त्रीला फरशीची जाडी माहीत हवी, आणि मालकाने तर तोवर फरशी निवडलेलीही नसते!

खिडकीची सिल (खालची कड), दाराची चौकट, बाथरूमचा उतार, सगळीकडे हाच प्रश्न: फिनिशपासून की स्लॅबपासून? खोलीच्या मापातही तेच. ड्रॉइंगमधले 3 मीटर विटेपासून विटेपर्यंत की प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत? भिंतभर कपाट बनवणारा सुतार आला की तो फरक कळतो. कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेत, काय मोजायचं हे रेरा या घरखरेदीच्या कायद्यात सांगितलं आहे; बिल्ट-अपमध्ये काय धरलं, हे मात्र करारातल्या व्याख्येत बघावं लागतं. ती सहीआधी वाचा.

शेवटचं ड्रॉइंगबद्दल. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर आडवं कापून वरून पाहिलेलं चित्र. त्यावर फूटपट्टी लावून माप काढू नका. प्रिंट काढताना कागद लहान-मोठा होतो. लिहिलेला आकडाच खरा. कोपऱ्यात रिव्हिजन नंबर, म्हणजे ही ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती आहे तो आकडा, असतो. मिस्त्रीच्या हातातला कागद आणि तुमच्या फाइलमधला कागद यांवर तो एकच आहे का, हे उद्या सकाळी साइटवर गेल्याबरोबर बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ.