चौतीस फुटांची हद्द

(दृश्य: एप्रिलची दुपार. विहिरीच्या काठावर तिघं-चौघं, हातात दोरखंड. आत खडकाच्या टप्प्यावर मोटार.)

उन्हाळा तापला की विहिरीवरची मोटार खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते. पाणी खोल गेलं की ती पाणी उचलेनाशी होते. पाइपच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व पाण्यात बुडालेला असतो, पाइप कुठं फुटलेला नसतो, तरीही. पाचच्या जागी दहा हॉर्सपॉवरची बसवली तरी तेच. मग दोर, कप्पी आणि आरडाओरडा.

हे कोडं जुनं आहे. इटलीच्या गॅलिलिओनं 1638 च्या आपल्या ग्रंथात असाच एक पंप आणलाय. पाणी खाली गेलं आणि पंप थांबला. दुरुस्तीला आलेला कारागीर म्हणाला, पंपात काही दोष नाही, पाणीच फार खाली गेलंय. अठरा हातांच्या वर ते चढायचं नाही. (तिथला हात आपल्या दीड फुटी हातापेक्षा लांब, जवळजवळ दोन फुटांचा.) गॅलिलिओला वाटलं, लांब दोर स्वतःच्या वजनानं तुटतो तसा पाण्याचा स्तंभही तुटत असावा. एवढा मोठा माणूस, पण इथं चुकला. कारागिराचा आकडा मात्र चोख होता.

(दृश्य: काचेची नळी, पाऱ्याचं भांडं.)

उत्तर शोधलं त्याच्याच शिष्यानं, तोरिचेल्लीनं. पाण्यासाठी दहा मीटरची नळी उभी करण्यापेक्षा त्यानं पारा घेतला. पारा पाण्याच्या 13.6 पट जड. एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्यानं भरून भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि 76 सेंटिमीटरवर थांबला. 76 ला 13.6 नं गुणा. येतात 10.3 मीटर, म्हणजे चौतीस फूट. कारागिराचे अठरा हात ते हेच!

पंप पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. पाण्याला ओढायला धरणार कुठं? पंप नळीतली हवा तेवढी काढून घेतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं तोरिचेल्लीनं 1644 मध्ये एका पत्रात लिहिलं. त्या समुद्राचं वजन चौतीस फूट पाण्याशी तोलतं. त्यापुढे मोटार कितीही मोठी आणा, ढकलणाऱ्याचीच ताकद संपलेली असते.

प्रत्यक्षात चौतीसही मिळत नाहीत. पाणी वाहतं तेव्हा पाइपच्या अंगाला घासतं, फूटव्हॉल्वच्या जाळीत अडतं, बाकात वळतं, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा दाब खर्च होतो. पंचवीस फुटांच्या आत मोटार बसवलेली बरी. डोंगरावर हवा विरळ; महाबळेश्वरला ही हद्द समुद्रकाठापेक्षा सुमारे दीड मीटरनं कमी भरेल.

(दृश्य: इंग्लंडमधली जुनी खाण. आत साचलेलं पाणी.)

शेतकऱ्याची विहीर एक वेळ राहू दे. इंग्लंडातल्या खाणी याहून कितीतरी खोल होत्या आणि पाण्यानं भरत होत्या. थॉमस सेव्हरीनं 1698 मध्ये वाफेच्या पंपाचं पेटंट घेतलं. भांड्यात वाफ भरायची, बाहेरून थंड करायची. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी, आणि त्या पोकळीकडे हवा खालचं पाणी ढकलणार. पुन्हा तीच हद्द. त्याहून वर पाणी रेटायला वाफेचा जोर लावावा, तर डाग दिलेले सांधे टिकेनात.

मग आला डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी, थॉमस न्यूकोमेन. त्यानं पाण्याला हात न लावता आधी दट्ट्या हलवला. उभं सिलिंडर, वर तोंड उघडं, आत दट्ट्या. त्याची साखळी वरच्या भल्यामोठ्या तुळईला. तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेले पंपाचे दांडे. दांड्यांच्या वजनानं दट्ट्या वर यायचा, खाली वाफ भरायची. त्या वाफेत थंड पाण्याचा फवारा. वाफ विरली, पोकळी झाली, आणि बाहेरच्या हवेनं दट्ट्या खाली दाबला. पंपाचं नळकांडं खाली पाण्यापाशीच होतं; हवेनं चढवायचा भाग आखूड, पुढचा सगळा उपसा दांड्यांनी उचलायचा.

ज्या हवेनं हद्द आखून दिली होती, तिलाच त्यानं कामाला जुंपलं.

फवाऱ्याची युक्ती म्हणे अपघातानं सापडली. न्यूकोमेनला ओळखणारा स्वीडिश इंजिनिअर ट्रीवाल्ड लिहितो की सिलिंडरमधला एक दोष कथलाच्या डागानं बुजवला होता. तो डाग वितळला, थंड पाणी आत घुसलं आणि दट्ट्या इतक्या जोरात आपटला की साखळीच तुटली. खरं असो-नसो, कारखान्यात वावरलेल्याला पटेल अशी गोष्ट आहे.

1712 मध्ये डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर हे इंजिन चाललं. सिलिंडर 21 इंची. पोकळी पूर्ण साधली असती तर हवेनं सव्वादोन टनांचा रेटा दिला असता. ती कधीच पूर्ण साधत नसे. तरी मिनिटाला बारा झटके, प्रत्येक झटक्याला दहा गॅलन पाणी, 153 फुटांवरून.

(दृश्य: यॉर्कशायर, एल्सेकार. दगडी इमारतीतून बाहेर आलेली तुळई.)

प्रत्येक झटक्याला सिलिंडर थंड करायचं आणि पुन्हा तापवायचं. कोळसा गिळण्यात इंजिन राक्षस होतं. ती उधळपट्टी जेम्स वॉटनं वेगळं थंड भांडं जोडून थांबवली; पेटंट 1769 चं. तरीही 1795 मध्ये एल्सेकारला जुन्याच पद्धतीचं इंजिन उभं राहिलं आणि 1923 पर्यंत चाललं. खाणीच्या तोंडावर कोळशाचा हिशेब कोण मागतो?